जू न लावलेली वर्षं

डॉक्टरने तीन वर्षं सांगितली होती. मी तीन वर्षं दिली. माझ्या बाजूने सौदा पुरा झाला, तरी हातात काही आलं नाही. पोटच्या पोरीबद्दल असं बोलू नये, असं माझी बायको म्हणते. पण मला दुसरी भाषा येत नाही आणि ही तक्रार कुणापुढे मांडायची तेही कळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी बैलांचा व्यापारी. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. वडिलांनी मला एक भाताचं खाचर आणि भरपूर मार दिला, बाकीचं मी उभं केलं. सहावीत शाळेने मला सोडलं. एका जागी बसत नसे, मास्तरांच्या तोंडचं वाक्य पुरं होऊ देत नसे. बाजारात मात्र नेमकं हेच चालतं. तिथे जो बसला तो मेला. शहापूर, मुरबाड, टोकावडे, घाटाच्या वरचे बाजार, सगळीकडे मी पायांनी आणि तोंडाने कमावलं. पॉवर टिलर आले आणि नांगराच्या बैलाला कुणी विचारेना, तेव्हा मी शर्यतीच्या खोंडांकडे वळलो. माझ्याबरोबरचे दोन व्यापारी आज धाब्यावर भांडी घासतात. रागीट आहे म्हणतात मला. असेन. राग नसता तर मीही भांडी घासत असतो.

आमच्या धंद्यात जनावराचं वय मालकाला विचारायचं नसतं, जनावराच्या तोंडाला विचारायचं. जबडा धरून खालचा ओठ दाबला की दुधाचे दात किती आणि पक्के किती ते दिसतं. एकही पक्का दात नसेल तो आदत. दोन आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. एकाच महिन्यात जन्मलेले दोन खोंड असतात, एकाचे दात वेळेवर येतात, दुसऱ्याचे वर्षभर मागे राहतात. अडाणी माणूस उशिराच्या खोंडाला कमअस्सल समजून देऊन टाकतो. जाणता माणूस तो घेतो, बांधतो आणि थांबतो. दात आज ना उद्या येतातच. तोवर फक्त एक पथ्य पाळायचं, मानेवर जू ठेवायचं नाही. मी अगदी सुरुवातीला टोकावड्याच्या बाजूला एक जोडी घेतली होती. त्यातल्या एकाला मालकाने आदत असतानाच औताला जुंपलं होतं. मानेवर नारळाएवढी गाठ. चिखलात उतरवला की पुढचे गुडघे टेकायचा आणि उठायचाच नाही. मारून उपयोग नव्हता. ते जनावर जन्माचं गेलं होतं. त्याचे डोळे मी विसरलेलो नाही.

हे एवढं सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते या माहितीवर केलं. अडाणीपणाने केलं नाही.

मुलगी माझी एकुलती. लहानपणापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. लावणीला नेली की दोन ओळी लावायची आणि तिसऱ्या ओळीला शेजाऱ्याच्या खाचरात दिसायची. दूध उतू जाताना समोर बसून बघायची, उठायची मात्र नाही, कारण डोकं तोवर दुसऱ्याच गोष्टीत असायचं. शाळेत एक चप्पल घालून गेलेली मी स्वतः पाहिली आहे. दुसरी कुठे, तर म्हणे, "वाटेत सरडा होता ना." पुढे काही नाही. सरडा होता, म्हणून चप्पल नाही. गावातल्या बायका तिला भिंगरी म्हणायच्या. माझी आई म्हणायची, "बापावर गेली गो ही, दुसरं काय."

नववीत असताना तिच्या शाळेतल्या एका बाईंनी आम्हाला बोलावलं. भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "हुशार आहे ती. आळशी नाही. तिला एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, मुलगी काय वेडी आहे का? माझा आवाज चढला तशी बायकोने माझी बाही ओढली. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं कल्याणला गेलो.

डॉक्टर वयस्कर होता. बाहेर माणसांची ही रांग. त्याने मुलीला प्रश्न विचारले, आम्हाला विचारले, कागदावर खुणा केल्या. मग आपल्याच कपाळावर तळवा ठेवून म्हणाला, "इथे मेंदूचा जो पुढचा भाग असतो ना, तो आपल्याला थांबवतो. आधी काय, नंतर काय, हे ठरवतो. अशा मुलांमध्ये तो भाग पिकतो, पण उशिरा पिकतो. बाकीच्या मुलांच्याच क्रमाने जातो, फक्त मागून. हातापायांचं मात्र उलट, ते कधीकधी लवकरसुद्धा येतं. म्हणून ही स्वस्थ बसत नाही."

मी विचारलं, "किती मागून?"

"सगळ्यांचं सारखं नसतं."

"तरी. साधारण?"

"साधारण दोन-तीन वर्षं म्हणा."

"आणि मग येतं?"

"बऱ्याच जणांचं बरंचसं भरून निघतं," तो म्हणाला. त्यानंतरही तो बराच वेळ बोलत होता. गोळी लिहून दिली, शाळेत काय सांगायचं ते सांगितलं, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. पण बाजारात मी एक गोष्ट शिकलो आहे. समोरचा माणूस पुष्कळ बोलतो, शपथा घेतो, जनावराची आई-आजी सांगतो. त्या सगळ्यात एक आकडा असतो. तो धरायचा, बाकीचं वाऱ्यावर सोडायचं. मी आकडा धरला. तीन.

एसटीने परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की सापगावच्या नदीवर मी मुलीला नाणं टाकायला दिलं. तिने खिडकीतून नाण्याबरोबर तिकीटही टाकलं. बायको चिडली. मी हसलो. म्हटलं, "हसू दे तिला. तिच्यात खोट नाय. आदत हाय ती अजून."

गोळ्या महिनाभर दिल्या. तिचं जेवण तुटलं. वैरण सोडलेल्या जनावराला औषध पाजत बसणारा माणूस मी नाही, मी गोळ्या बंद केल्या. आणि नववीचा निकाल लागला त्या दिवशी ठरवलं की हिच्या मानेवरचं जू काढायचं. शाळा नको, शिकवणी नको, घरातलं कामही तिच्या मनाला येईल तेवढंच. तीन वर्षं मोकळी.

बायको त्या दिवशी माझ्याशी जेवढं भांडली तेवढं आधी कधी भांडली नव्हती.

"डॉक्टरने शाळा सोडवा असं म्हटलेलं नाय."

"तो उशिरा येईल म्हणाला ना? मग कच्चेपणी कशाला जुंपायची?"

"ओ, पोरगी हाय ती. खोंड नाय."

"खोंडाची मान जाते. हिचं डोकं जाईल. चालंल तुला?"

"आणि घरात बसून काय होईल तिचं?"

"दात येतील," मी म्हटलं. मुलगी चुलीपाशी बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "बाबा, मी बसीन की वर्गात. पुढच्या बाकावर बसीन." मी तिला म्हटलं, तुला कुणी विचारलं नाही. तिच्या भल्याचंच बोलत होतो, म्हणून हे वाक्य मला त्या वेळी जड वाटलं नाही.

शाळेत त्या बाईंनी पुन्हा बोलावलं, मी गेलो नाही. भावकीत लोक बोलले. थोरला भाऊ म्हणाला, "पैसेवाला झालास नं रे, आता पोरीला अडाणी ठेव." मी त्याच्याशी अजूनही बोलत नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मुलगी हसायची, रानात हिंडायची, करवंदं आणायची, कोंबड्यांच्या मागे धावायची. मला वाटलं, बघा, अंग धरतेय. तिला मी बाजारालाही नेऊ लागलो. जनावरांना ती भीत नसे. उधळलेला खोंड तिच्या हाताखाली उभा राहायचा. आमच्यातली जुनी माणसं म्हणायची, पोरीच्या हातात गुण आहे. ते ऐकून मला काय वाटायचं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी मुरबाडच्या बाजूच्या बाजारात ती गोष्ट झाली. आमच्यात सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. घाटावरचा एक व्यापारी माझ्या खोंडावर अडून बसला होता. टॉवेलखाली मी त्याची बोटं दाबत होतो, तो माझी दाबत होता. मी तोंड वाकडं करून हात काढून घेतल्याचं नाटक केलं. धंद्यातलं रोजचंच. मुलगी बाजूला उभी होती. तिला वाटलं, सौदा मोडला. ती मोठ्याने म्हणाली, "ओ बाबा, सकाळी तर आईला म्हणत होतात, एवढे दिले तरी देऊन टाकीन!" आणि आकडा सांगितला.

घाटावरच्याने टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "टॉवेल कशाला घेता शेठ, पोरगी आणलीय ना." सगळा बाजार हसला. चहावालासुद्धा. मुलगीही हसली, कारण सगळे हसत होते. मी तिच्या कानाखाली लावली.

सोळा वर्षांची मुलगी, भर बाजारात. तिने गालाला हात लावला नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग घरापर्यंत टेम्पोत मागे, जनावरांजवळ बसून आली. त्यानंतर ती बाजाराला आली नाही आणि मीही चल म्हटलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी लक्ष ठेवायला लागलो. उन्हाळ्यात खोंडाचं तोंड दर आठवड्याला उघडून बघतो, तसं. एकदा ती टीव्हीवरची मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत बसली. मी आत जाऊन बायकोला म्हटलं, "बघ. बसली." बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "टीव्हीसमोर ती दुसरीत असल्यापासून बसते." एकदा तिने गोठ्याचं फाटक न सांगता लावलं. मी दिवसभर खूश होतो. दुसऱ्या दिवशी फाटक सताड उघडं आणि दोन जनावरं रस्त्यावर.

तरी वर्ष भरलं तसं मी ठरल्याप्रमाणे केलं. बाहेरून दहावीला बसवायचं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरला, शहापूरला क्लास लावला. नवी बॅग, नवा डबा. तिच्या वर्गातल्या मुली तोवर बारावी होऊन पुढे गेल्या होत्या. हिच्याबरोबर बसणारी पोरं तिच्या खांद्याला लागत होती. सकाळी ती किन्हवलीहून गाडी धरायची, संध्याकाळी वेळेवर परत. डबा रिकामा. मी भावकीत दोघातिघांना ऐकू जाईल असं सांगितलं की मुलगी दहावीला बसतेय.

दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या कंडक्टरने मला थांबवलं. "शेठ, तुमची मुलगी स्टँडवर असते रोज. काय अडचण हाय का?" मी दुसऱ्या दिवशी शहापूरला गेलो. स्टँडच्या बाकावर ती बसली होती. बॅग मांडीवर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती. क्लासला जाऊन किती दिवस झाले ते तिला धड सांगता येईना. पहिले काही दिवस गेली होती. सर काय बोलतात ते कळायच्या आत ते पुढे जायचे, आणि पोरं तिला "मावशी" म्हणायची.

मी तिथेच सुरू झालो. माणसं जमली. मी म्हटलं, "तीन वर्षं दिली तुला! कुणाचा बाप देतो? कामाला लावली नाय, शाळेला लावली नाय, तीन वर्षं नुसती मोकळी दिली!"

ती म्हणाली, "मी मागितली होती का?"

तिने आवाज चढवला नाही. भाव विचारावा तसं विचारलं. घासाघीस मी जन्मभर केली आहे. मी तिची बॅग उचलली आणि किन्हवलीच्या गाडीकडे चालायला लागलो.

मग आम्ही पुन्हा कल्याणला गेलो. मी भांडायलाच गेलो होतो. तो जुना डॉक्टर आता तिथे नव्हता. त्याच्या खुर्चीत एक तरुण बाई बसली होती. मी बसायच्या आधी बोलायला लागलो. तीन वर्षं सांगितली होती, मी दिली, दात आले नाहीत, आता काय ते सांगा. तिला दातांचं समजेना. मग मी तिला सगळं सांगितलं. आदत, दुसा, जू, मानेची गाठ. तिने हसण्यावारी नेलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "दात एकटे येतात, काका. बैल काही करो न करो. हे एकटं येत नाही. उशिरा पिकणारा मेंदू असला तरी त्याला रोज काहीतरी करायला लागतं. थोडं बसणं, थोडं चुकणं, कुणीतरी आठवण करून देणं. ती वर्षं त्यासाठीच असतात."

"म्हणजे वाया गेली?"

"थोडं भरून निघेल. सगळं निघेल असं मी सांगणार नाही. आणि काही जणांचं पूर्ण कधीच येत नाही. ते आधीही सांगता आलं नसतं."

"मग पहिल्या डॉक्टरने का नाय सांगितलं? शाळा सोडवू नका, असं का नाय सांगितलं?"

"सांगितलं असेल."

"असेल नको. मी होतो इथे बसलेला."

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "मी पण होते."

डॉक्टर बाईने विषय बदलायला म्हणून मला विचारलं, "तुम्हीही लहानपणी असेच होता का?"

"होतो. आपोआप सुधारलो."

"सुधारले!" बायको म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. मुलगी खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मलाही हसू आलं असतं, पण मी भांडायला आलो होतो.

चूक माझी, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी ते मान्य करत नाही. ज्याला वैद्यकी येते त्याने समोरचा माणूस कोण आहे ते बघून बोलावं. मी गिऱ्हाईकाला खोंड देताना पन्नास वेळा बजावतो की याला अजून जुंपू नको. तो विसरला तर त्याच्या घरी जाऊन बघतो. मला बजावायला कुणी घरी आलं नाही. हे माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. पण या म्हणण्याने मुलीचं काही होत नाही, हेही मला दिसतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, या वेळी वेगळी, जेवण तेवढं तुटलं नाही. आणि पंधरवड्यात फरक दिसला. ती बसते. तांदूळ निवडायला घेतले तर सुपातले संपेपर्यंत बसते. फाटक लावते. दूध उतू जात नाही. मी मनात म्हटलं, उशिरा का होईना. गावात जाऊन पेढेच आणायचे बाकी होते.

मग ती विचारायला लागली. दुपारी जेवणं झाली की पडवीत बसून एकेक. तिच्या शेजारच्या बाकावरची अमुक मुलगी आता काय करते? ती ठाण्याला नर्सिंगला आहे. तमुक? तिचं लग्न झालं, मुरबाडला दिली, नवऱ्याबरोबर दुकान बघते. आणि ती, वही देणारी? ती रोज आसनगावहून मुंबईला जाते, तिचा पास आहे. प्रत्येकीचं ऐकून ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलींबद्दल, पण पुढचं विचारायची. काल सांगितलेलं तिच्या लक्षात असायचं.

एका दुपारी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन ती माझ्यासमोर बसली.

"बाबा, उद्यापासून ही नको."

"का गो? चांगला गुण आलाय."

"आलाय ना. म्हणूनच नको. आधी कसं, डोक्यात सगळं एकदम असायचं. वाईट काही आलं तरी लगेच दुसरं यायचं. आता एकच येतं आणि बसून राहतं."

"काय येतं?"

"मी शाळेत नाय, हे."

मी तोड काढायला बघितली. म्हटलं, रविवारी नको घेऊ. म्हटलं, अर्धी घे, मी विचारतो डॉक्टरला. म्हटलं, पुन्हा क्लास लावू, शहापूरला नको तर मुरबाडला, घरी मास्तर आणू. ती प्रत्येक गोष्ट नीट ऐकत होती. मध्ये बोलली नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "बाबा, गोळी घेतली तर हे असं. नाय घेतली तर मी पुन्हा पहिली. मग दूध उतू जाणार, तुमी मारणार. यातलं कुठलं बरं, ते तुमी सांगा. तुमाला भाव कळतो."

अंगणातून हाक आली. एक गिऱ्हाईक खोंड बघायला आलं होतं. मी तिला म्हटलं, आलोच. बाहेर गेलो आणि त्या माणसाशी उगाच भांडलो. खोंड चांगला होता, तो माणूसही बरा होता, मी त्याला हाकलून दिलं. मग जनावरांना पाणी दाखवलं. मग जे आधीच बांधलेलं होतं तेच दावं सोडून पुन्हा बांधलं.

आत आलो तेव्हा ती तिथेच बसलेली होती. पाकीट मांडीवर, पाठ सरळ. उत्तराची वाट बघत होती.